मुके बार

१४ डिसेंबर १९७२, गुरुवार

पाथर्डीला एस.टी.तून उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथून खडकदऱ्यापर्यंतचे सहा मैल खात्याच्या जीपने आलो. वाटेत एका विहिरीच्या तळाशी एक माणूस वाटीने घागर भरत बसलेला दिसला. ड्रायव्हर म्हणाला, "सकाळपासून बसला असंल. झरा साचला की वाटीभर काढायचं, पुन्हा बसायचं."

खडकदऱ्यात सरकारने दुष्काळी कामाचं खडी केंद्र उघडलं आहे. टेकडीला लागून खाण आहे. वरच्या बाजूला सुरुंग लावून काळा दगड फोडतात आणि खाली सहाशे माणसं हातोड्यांनी त्याची खडी करतात. त्यांत बायाच जास्त. आमच्या पुण्याच्या संस्थेने मला इथे लहान खाणींतल्या अपघातांचा अभ्यास करायला पाठवलं आहे. मोठ्या खाणींना कायदे आहेत, तपासनीस आहेत. दुष्काळात घाईने उघडलेल्या अशा खाणींकडे बघायला कोणी नाही. माझे मार्गदर्शक डॉ. गोळे निघताना म्हणाले, "नृसिंह, आकडे चोख आण. सहा महिन्यांत निबंध उभा राहील."

शाळेची मागची खोली राहायला मिळाली आहे. एक खाट, एक फळा. फळ्यावर कुणीतरी सातचा पाढा अर्धवट लिहून ठेवला आहे. शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर खडीवर असतात.

१६ डिसेंबर, शनिवार

आज काम नीट समजून घेतलं. मुकादम बन्सी यांनी सगळं दाखवलं. भरदार आवाजाचा गृहस्थ आहे, गळ्यात शिट्टी असते आणि बोलतानाही ती हातात धरून बोलतो.

सुरुंग भरणाऱ्यांत मुख्य सहादेव. चाळिशीचा, उंच, बोलायला कंजूष. विहिरी खोदणाऱ्यांबरोबर सोळाव्या वर्षापासून हेच काम करतो आहे. पहारीने खडकात भोक पाडायचं, जिलेटिनच्या कांड्या घालायच्या, वात सोडायची, वरून माती ठासायची. याला हे लोक 'बार भरणं' म्हणतात. दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला शिट्टी होते, खालची माणसं आडोशाला जातात, वाती पेटतात. मग मोजायचं. जितके बार भरले तितके आवाज यायला हवेत. एक आवाज कमी आला तर तो मुका बार. खडकात जिवंत राहिलेला.

सहादेवला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मोजताना तो उजवा कान खाणीकडे करून उभा राहतो.

त्याची बायको मुक्ताबाई खाली खडी फोडते. बार उडू लागले की प्रत्येक आवाजाला ती एक खडा ओटीत टाकते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमचं मानूस वर असतंय, साहेब. मोजल्याबिगर घास खाली उतरत न्हाई."

२८ डिसेंबर, गुरुवार

बारा दिवसांत दोनशे ऐंशी बार, त्यांत नऊ मुके. म्हणजे शंभरात तीन. हे प्रमाण मला अपेक्षित होतं. मुक्या बारांचं काय करतात ते मात्र अपेक्षित नव्हतं.

आज दुपारी एक आवाज कमी आला. सहादेव विडी ओढून होईपर्यंत थांबला, मग वर गेला आणि लांब काडीने भोकातली माती उकरून आतली कांडी हलक्या हाताने बाहेर काढू लागला. मी खालून ओरडलो. तो थांबला नाही. कांडी बाहेर आल्यावरच त्याने माझ्याकडे पाहिलं.

पुस्तकात याला सक्त मनाई आहे. मुक्या बाराला हात लावायचा नाही. अर्धा तास थांबायचं, दीड हात बाजूला नवं भोक पाडायचं, ते उडवलं की जुनंही उडतं. मी हे सांगितलं. सहादेव म्हणाला, "पुस्तकातलं खरं हाय, साहेब. पर नवं भोक पाडाया आर्दा दिस जातो. तवर खालच्यांनी काय करायचं?"

"बसायचं. जीव महत्त्वाचा."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरतो.

२ जानेवारी १९७३, मंगळवार

उपअभियंत्यांना भेटून नियम मंजूर करून घेतला. त्यांनी पाच मिनिटांत सही केली. नियम साधा आहे. मुका बार निघाला की त्याची नोंद माझ्या तक्त्यात झालीच पाहिजे. नोंद झाली की पूर्ण केंद्राचं काम त्या दिवसापुरतं बंद, सगळ्यांनी खाणीबाहेर जायचं. सहादेवने पुस्तकाप्रमाणे तो बार उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू. कांडी बाहेर काढताना कोणी सापडला तर त्याचं नाव हजेरीतून कमी.

बंद दिवसाच्या मजुरीचं विचारलं तेव्हा उपअभियंते म्हणाले, "इथं मापावर मजुरी आहे. खडी नाही तर माप नाही." मी पुढे बोललो नाही. तो माझा विषय नव्हता.

तक्ता माझ्या हाताने आखला. तारीख, भरलेले बार, ऐकलेले आवाज, मुके, शेरा.

११ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस लक्षात राहील. दुपारी तेरा बार भरले, बारा आवाज आले. सहादेव सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "एक मुका हाय. लिवा."

लगेच काम बंद केलं. सगळ्यांना खाणीबाहेर घेतलं. मी एका दगडावर उभा राहिलो आणि सहाशे माणसांसमोर सहादेवचं नाव घेऊन सांगितलं की या माणसाने आज तुमचे प्राण वाचवले, प्रत्येकाने असं वागलं पाहिजे. कोणी टाळी वाजवली नाही, पण सगळे अगदी गप्प होते. विषयाचं गांभीर्य पोहोचलं असावं. बाया घमेली डोक्यावर पालथी घालून घराकडे गेल्या. सहादेव पहार घेऊन नवं भोक पाडत राहिला, एकटाच. साडेचारला दोन्ही बार सुखरूप उडाले.

गोळेसरांना सविस्तर पत्र लिहिलं.

१३ जानेवारी, शनिवार

टँकर आला होता. रांगेत मुक्ताबाई सगळ्यांच्या मागे उभी होती, आणि तिची पाळी आली तेव्हा पाणी संपलं. एरवी ती पुढे असते असं मला वाटतं, पण बहुधा कोणीतरी तिला मागे केलं. दुष्काळ माणसांना हमरीतुमरीवर आणतो. माझ्या खोलीतला अर्धा हंडा देऊ केला. "नको," म्हणाली. "तुमच्याकडचं नेलं तर आनिक बोलतील."

कशाबद्दल बोलतील ते विचारायचं राहून गेलं.

२५ जानेवारी, गुरुवार

दोन आठवडे झाले. मुका बार एकही नाही. चौथ्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. नियमाचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. आता सहादेव भोकं जास्त काळजीने भरत असणार. सगळ्यांचं लक्ष आपल्यावर आहे हे कळलं की माणूस नीट काम करतो.

एक नवी गोष्ट मात्र नोंदवायला हवी. कधीकधी भरलेल्या बारांपेक्षा आवाज एकाने कमी येतो. मी विचारलं की सहादेव म्हणतो, "दोन जोडीनं ग्येलं." बन्सी मुकादमही तेच सांगतात. दोन वातींची लांबी सारखी असली तर असं होऊ शकतं. त्यांनी यासाठी 'जोडबार' हा शब्दही वापरला. तक्त्यात एक वेगळा रकाना वाढवला आहे. जोडबार का वाढले याचा स्वतंत्र अभ्यास करता येईल.

मुक्ताबाई आता ओटीत खडे टाकत नाही. विचारलं तर म्हणाली, "आता तुमी मोजताय की." ऐकून बरं वाटलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

सहादेवला रोज डोकेदुखी होते. मुक्ताबाई गोळी मागायला आली होती. "संध्याकाळी कपाळ धरून बसत्यात. भाकर बी नको म्हनत्यात." उन्हाचा त्रास असणार. गोळ्यांची पाकिटं दिली आणि डोक्याला ओलं फडकं बांधायला सांगितलं. नंतर लक्षात आलं की ओलं करायला पाणी कुठलं.

दुपारच्या सुट्टीत सगळे सरकारी वाटपाची सुकडी खात असतात तेव्हा तो एकटा वर असतो. आज मी चढून गेलो. त्याच्या हातात हातभर लांबीची तांब्याची सळई होती, टोकाला चमच्यासारखी वाकवलेली. काय म्हणून विचारलं.

"भोकातली भुकटी काडाया," तो म्हणाला.

साधन उत्तम आहे. तांब्याची ठिणगी उडत नाही, हे या माणसाला कोणी शिकवलं नसताना माहीत आहे. वहीत तिचं चित्र काढून घेतलं. निबंधात 'स्थानिक कौशल्य' या भागात टाकता येईल.

१७ फेब्रुवारी, शनिवार

गोळेसरांचं पत्र आलं. फार खूष आहेत. 'पाच आठवडे शून्य हा निकाल असाधारण आहे. तुझा तक्ता जिल्ह्यातल्या सगळ्या खडी केंद्रांवर लावावा असा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे नेत आहे.' पत्र तीनदा वाचलं. बाबांना कळवलं. ते आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे नीट करत बसले. मुलाचा कागद जिल्हाभर जाणार हे त्यांना आवडेल.

खाली बायांनी जागा बदलल्या आहेत. खाणीच्या पूर्वेला मोठा दगड पडतो, तिथे काम सोपं असायला हवं. ती जागा मोकळी सोडून सगळ्या पश्चिमेला दाटीने बसतात. दुपारनंतर तिथे थेट ऊन येतं. बन्सी मुकादमांना विचारलं. "बायांचं काय, साहेब. एक बसली की समद्या तिथंच बसत्यात."

२६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मुक्ताबाई खोलीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं, तरी पदराखाली हात लपवून होती.

"साहेब, त्यो कागद किती दिस चालनार?"

"कोणता?"

"बार लिवायचा."

मी हसून सांगितलं की आता तो कायमचाच, जिल्हाभर लागणार आहे. यश तिच्या नवऱ्याचं आहे हेही सांगितलं.

तिने विचारलं, "जिल्ह्यात म्हंजी समदीकडं?"

"सगळीकडे."

"बरं," म्हणाली आणि गेली. तिला आनंद झाला असावा असं लिहिणार होतो, पण तसं वाटलं नाही. तिचं काहीतरी काम होतं. मी विचारायला हवं होतं. साडेनऊच्या बारांची संख्या लिहून घ्यायची घाई होती. आता दगड वाढवून हवा म्हणून सकाळचीही फेरी सुरू झाली आहे.

९ मार्च, शुक्रवार

एकेचाळीस जोडबार. मुके शून्य. तक्त्याची स्वच्छ प्रत सोमवारी पुण्याला पाठवायची आहे.

आज सहादेवला विडी पेटवायला तीन काड्या लागल्या. मी काडी धरली.

१३ मार्च, मंगळवार

दुपारी एकला शिट्टी न होता एक बार उडाला.

सहादेव गेला. पाथर्डीच्या दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही.

१५ मार्च, गुरुवार

काल लिहिता आलं नाही.

सुट्टी झाली होती. माणसं खाली सुकडी खात होती. मी तक्त्यात आकडे भरत होतो. आवाज आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हा कोणत्या रकान्यात लिहायचा. हे मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

वर धूळ होती. खाली कोणी ओरडत नव्हतं. सगळ्या बाया एकाच माणसाकडे पाहत होत्या. मुक्ताबाई उभी राहिली होती. ती धावली नाही. हातातलं सुकडीचं ताट तिने शेजारणीच्या हातात दिलं आणि चढण चढू लागली. सावकाश, रोजच्यासारखी. मला वाटतं तिला वर काय आहे ते माहीत होतं.

सहादेवबद्दल लिहवत नाही. खाली रतनबाई म्हणून एक आहे, तिच्या खांद्यावर दगड येऊन पडला. हाड मोडलं आहे. ती नगरला दवाखान्यात आहे.

तांब्याची सळई वीस हातांवर सापडली. ती ओळखायला मला वहीतलं चित्र बघावं लागलं नाही. तिच्या वाकड्या टोकाला पिवळट चिकट काहीतरी लागलं होतं. बोटाला लावून वास घेतला आणि संध्याकाळपर्यंत माझं कपाळ ठणकत राहिलं. जिलेटिन हाताळलं की असंच डोकं दुखतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मी त्याला उन्हाच्या गोळ्या देत होतो.

१७ मार्च, शनिवार

चौकशीला अधिकारी आले. शाळेत टेबल टाकलं. बन्सी मुकादम उभे राहून म्हणाले, "साहेब, बारा जानेवारीपासून एक बी मुका बार न्हाई. कागद बघा. मयतानं नियम मोडून काय खटपट केली ती त्याची त्याला म्हाईत."

अधिकाऱ्यांनी माझा तक्ता पाहिला. फार नेटका आहे म्हणाले. मग मला विचारलं, "या नोंदी तुमच्याच हातच्या?"

"हो."

"खऱ्या?"

मी म्हणालो, "मला सांगितलं तसं लिहिलं आहे."

"म्हणजे मुका बार नव्हता. मग तो स्वतःच्या जबाबदारीवर काहीतरी करत होता. अशा बाबतीत वारसांना भरपाई मिळणं अवघड." त्यांनी कागद पुढे सरकवला. मी सही केली.

बाहेर आलो तेव्हा सही वाळलीही नसेल.

२० मार्च, मंगळवार

मुक्ताबाईकडे गेलो. गावाच्या कडेला एक खोली, पुढे कुडाची पडवी. सहादेवची थोरली बहीण गोजरबाई तिथे बसली होती. तिने मला पाहून तोंड फिरवलं. मुक्ताबाईने पोतं अंथरलं.

मी विचारलं, "जोडबार खरे होते का?"

तिने पोत्याचा कोपरा सरळ केला. मग म्हणाली, "तुमाला खरंच म्हाईत न्हवतं?"

"नव्हतं."

"आमाला वाटायचं, तुमी समजून लिवताय. श्येवटी तुमालाबी वर कागद द्यायचा असतूय."

मग तिने सगळं सांगितलं. अकरा जानेवारीला काम बंद झालं त्या संध्याकाळी सहाशे माणसांच्या घरांत चूल नीट पेटली नाही. मी दगडावर उभा राहून नाव घेतल्यामुळे कोणामुळे हे झालं ते सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणी त्यांच्याशी बोललं नाही. टँकरवर तिची घागर मागे ढकलली. तिसऱ्या दिवशी मुकादम घरी आले आणि म्हणाले, "सहादेव, आता जोडीनं उडायला शिकव बारांना." त्यात त्यांचंही चुकलं नाही म्हणते. माप कमी भरलं की वरून त्यांनाच बोलणं बसायचं.

"मग ह्ये रोज काडायचे," ती म्हणाली. "आदी विडी वडूस्तवर तरी थांबायचे. तुमचा कागद आल्यावर तेवडाबी येळ न्हाई. समदी जेवाया बसली की जायचं आन ती उठायच्या आत याचं. काडाया येत हुतं तेवडं काडलं. तीसेक असतील. लई घट्ट बसलेलं तसंच ठिवलं."

"तसंच?"

"व्हय. त्या अंगाला कुनी बसत न्हाई."

गोजरबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "त्यानला इचार, जेवून आलेत का. लांबून आलेत." शाळा तिथून दोनशे पावलांवर आहे.

२१ मार्च, बुधवार

दिवसभर तक्ता पुढे घेऊन बसलो. नियमाआधी शंभरात तीन मुके. नियमानंतर मुके शून्य, जोडबार शंभरात जवळजवळ चार. हा एकच आकडा आहे. मी त्याला दुसऱ्या रकान्यात जाताना पाहिलं आणि रकाना आखून दिला.

एकेचाळीस. त्यातले तीस त्याने काढले, त्याला नेलं तो शेवटचाही त्यांतच. उरले अकरा. ते खडकात आहेत, आणि उद्या सकाळी सात वाजता लोक कामावर येणार आहेत.

मुकादमांना गाठलं. काम थांबवा म्हणालो. ते बराच वेळ शिट्टीशी खेळत राहिले. "थांबवतो. माप कोन देनार? तुमी देता?"

खोलीवर आलो. चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं की माझ्या नोंदी खोट्या आहेत, मृत व्यक्तीने मुका बार लपवला तो माझ्या नियमामुळे, आणि खाणीत अजून अकरा जिवंत बार असण्याचा संभव आहे. गोळेसरांनाही कळवलं. पत्रं स्वतः पाथर्डीला जाऊन टाकली.

२८ मार्च, बुधवार

गोळेसरांचं उत्तर आलं. 'तू दुःखाच्या भरात आहेस. एका घटनेवरून पद्धत चुकीची ठरत नाही. एक अशिक्षित बाई शोकात काय सांगते त्यावर शास्त्र चालत नाही. चौकशी अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र मागे घे. तक्ता एक तारखेपासून चाळीस केंद्रांवर लागू होत आहे.'

चाळीस केंद्रं. प्रत्येक ठिकाणी एक सहादेव असेल.

मुक्ताबाई सोमवारपासून कामावर येते आहे. तेव्हा दहावा होऊन चारच दिवस झाले होते. कपाळ मोकळं आहे. तिला पश्चिमेला दाटीत जागा करून दिली बायांनी.

३० मार्च, शुक्रवार

काल आणि आज नगरला होतो. दोन दिवस एका मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसून काढले. आज तीनला आत बोलावलं.

मी एकच मागणी केली. मुका बार शोधायला आणि उडवायला जो दिवस जाईल तो कामाचा दिवस धरा, सगळ्यांना पूर्ण मजुरी द्या. ज्याने सांगितलं त्याचं नाव कुठेही लिहायचं नाही.

साहेब म्हणाले, "मग रोज कोणीतरी मुका बार काढेल. बसून मजुरी."

"मग रोज शोधू."

"तुमच्याच संस्थेचा प्रस्ताव आहे ना, याच्या उलट?"

"माझाच आहे, साहेब. तो चूक आहे. त्याने एक माणूस मेला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बाहेर काढतील. पण मग म्हणाले, खडकदऱ्यापुरतं, महिनाभर, प्रयोग म्हणून. चाळीस केंद्रांचं ते थांबवू शकत नाहीत, त्यांच्या वरून आलं आहे. भरपाईचा अर्ज माझ्या पत्रासह पुढे पाठवतो म्हणाले. मिळेलच असं नाही.

गोळेसरांना तार केली. नोकरी जाईल बहुतेक. बाबांना अजून कळवलेलं नाही.

२ एप्रिल, सोमवार

हुकूम टाइप होऊन आला नाही. बन्सी मुकादम कागदाशिवाय थांबायला तयार नाहीत. दिवसभर मी पूर्वेच्या कडेला उभा राहून माणसांना अडवत होतो. तिथे कोणी येतच नव्हतं.

५ एप्रिल, गुरुवार

हुकूम आज जीपमधून आला.

सातची हजेरी झाल्यावर बायाबापड्या आपापल्या जागी जाऊन बसल्या होत्या. मी दगडावर चढलो नाही. खालीच, त्यांच्यामध्ये उभा राहून वाचला. मुका बार शोधण्याचा दिवस कामाचा धरला जाईल. सगळ्यांना पूर्ण मजुरी मिळेल. सांगणाऱ्याचं नाव घेतलं जाणार नाही.

कोणी हललं नाही. मुकादम म्हणाले, "समजलं का? आज हातोडा उचलला न्हाई तरी माप धरनार हायेत." तरी कोणी हललं नाही. मी पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा एकाने विचारलं, "लिवून दिलंय का?" मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने खालचा शिक्का अंगठ्याने चाचपला आणि शेजाऱ्याकडे दिला. कागद हातोहात फिरला.

मग मुक्ताबाई उठली. पूर्वेच्या कड्याकडे बोट केलं. "त्या भेगंच्या खाली. पळसाच्या बुंध्यापासून दोन हात."

मी चुन्याची खूण करायला गेलो. वळून पाहतो तो दुसरी उठली होती. मग एक म्हातारा. मग चौघी एकदम. कोणी काही समजावत नव्हतं, वाद घालत नव्हतं. नुसती बोटं. तिथं. त्याच्या उजव्या अंगाला. खालच्या पायरीवर, पान्याच्या डागापाशी. हे सगळे लोक तीन महिने माझ्यासमोर रोज बसले होते. प्रत्येकाला प्रत्येक जागा माहीत होती. मीच एकटा अकरा हा आकडा कागदावर शोधून काढला होता.

मी मोजत गेलो. नऊ. दहा. अकरा. माझा हिशेब बरोबर निघाला. मी खाली बसलो. मुकादमांना म्हणालो, "झाले. सगळ्यांना बाहेर घ्या."

शिट्टी झाली. माणसं उठून उताराकडे निघाली. पश्चिमेच्या टोकाला बनुबाई म्हणून एक म्हातारी असते, ती उठली नाही. वरून फुटून आलेल्या एका मोठ्या धोंड्याला पाठ टेकून बसली होती. रोज तिथेच बसते. थोडी सावली असते त्या धोंड्याची.

मी जवळ गेलो. "आजी, उठा. बाहेर जायचंय."

ती म्हणाली, "ह्याला खूण करायची ऱ्हायली." आणि पाठीमागच्या धोंड्यावर तळवा ठेवला. तिच्या खांद्यापाशी दगडात बोटभर रुंदीचं एक भोक होतं, त्यातून वातीचं काळं टोक दिसत होतं. हा बार तक्त्यात कुठेच नव्हता. जोडबारांतही नाही.

"हा इथे आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"सक्रांतीपासनं."

"मग इथे का बसलात?"

तिने माझा हात धरला आणि गुडघ्यावर जोर देऊन हळूहळू उभी राहिली. मला दोन्ही हातांनी तिला सावरावं लागलं.

"दुसरी जागा कुटं हुती, बाबा," ती म्हणाली.